नळीवरचं पितळी कडं

होळी पहाटे पेटली आणि उजाडल्याबरोबर देविदासच्या सत्काराचा फलक वाऱ्यानं पडला. तो पुन्हा उभा करून बैलगाडीला टेकवला, तेव्हा कुठे तांड्याला तो नीट पाहता आला.

फलक आखाडा बाळापूरच्या पेंटरनं रंगवला होता. 'जागतिक कीर्तीचे शस्त्रतज्ज्ञ मा. देविदास वसराम आडे साहेब' असं लिहून शेजारी त्यांची बंदूक काढायची, असा देविदासच्या धाकट्या भावाचा, सुदामचा हुकूम होता. देविदासनं केलेली कार्बाईन, म्हणजे आखूड नळीची फौजी बंदूक, पेंटरनं पाहिली नव्हती. तांड्यावरही कुणी पाहिल्याचं सांगत नव्हतं, आणि कुणी पाहावी अशी सरकारची इच्छा नव्हती. तेव्हा पेंटरनं पोराचं टिकल्यांचं पिस्तूल समोर ठेवून चित्र काढलं, आणि मोठ्या माणसाचं म्हणून जरा मोठं काढलं.

"झक्कास हाय," देविदासचा बाप वसराम, तांड्याचा नाईक, म्हणाला. "पण नाव कुठं हाय?"

"हे काय बा, वर लिहिलं ना," सुदाम म्हणाला.

"फलकावर न्हाई रे. बंदुकीवर. यानं केली त्या बंदुकीवर याचं नाव कुठं हाय?"

देविदास जीपमधून उतरल्यापासून म्हातारा हा प्रश्न विचारत होता. देविदासनं पुन्हा तेच उत्तर दिलं, "सरकारी बंदुकीवर नाव नसतं बा. नंबर असतो."

"नंबर तर बँकेच्या म्हशीच्या कानातबी असते," वसराम म्हणाला आणि होळीच्या राखेकडे बघत बसला.

धनसिंग नाईक तांड्याचे पूर्वज एके काळी बैलांच्या पाठीवर फौजांचं धान्य, मीठ आणि दारूगोळा वाहायचे. कोणत्या फौजेचा, हे विचारायची पद्धत नव्हती. त्याच घरातला देविदास नांदेडला आयटीआय करून एका सरकारी बंदूक कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, रात्रीच्या वर्गात पदविका घेऊन आरेखनाच्या टेबलाशी पोचला आणि तिथून पुण्याला गेला. तिथं त्यानं एक कार्बाईन आखली. पहिल्या समितीला ती जड वाटली. त्यानं हलकी केली, तोवर साहेब बदलले आणि दुसऱ्या समितीला ती हलकी वाटली. तिसरी समिती आधीच्या दोन समित्यांचे अहवाल सापडत नाहीत म्हणून नेमली होती. एवढ्यात देविदासच्या कानावरचे केस पिकले. आणि गेल्या महिन्यात, कुणाचाच विरोध शिल्लक न राहिल्यामुळे असेल, ती मंजूर झाली. हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि जिल्ह्याला अभिमान बाळगायला माणसं हवीच होती. तांड्यानं आपला माणूस पुढे केला.

सत्कार दुपारी होता. त्याआधी धुंड होती, सुदामच्या नातवाची. वर्षभरात जन्मलेल्या पोराची होळीला धुंड करायची. अंगणात खुंटा ठोकायचा, त्याला गुलगुल्यांचं पातेलं दोरानं बांधायचं, बायांनी काठ्या घेऊन राखण करायची आणि पुरुषांनी ते सोडवून न्यायचं. तेवढ्या वेळात बाई मारेल तितकं पुरुषानं खायचं. उलटा हात उचलायचा नाही, उलटा शब्द बोलायचा नाही. खुंटा उखडला की नाईकाच्या घरानं धनसिंग नाईकाच्या ठासणीच्या बंदुकीचा एक बार काढायचा. त्या बाराशिवाय तांड्याची होळी संपत नसे. ज्या घरचा बार, त्या घरची नाईकी, अशी समजूत होती.

गेली कित्येक वर्षं बार वसराम काढत आला होता. यंदा त्याचा हात थरथरू लागला होता, म्हणून त्यानं बंदूक धाकट्याच्या हवाली केली होती. सुदाम हिंगोलीला एसआरपीत हवालदार होता. आज भावाला हार आणि त्याला बार, अशी म्हाताऱ्यानं केलेली वाटणी होती, आणि ती त्यातल्या त्यात न्यायाची होती.

ओसरीत सुदाम बंदूक पुसत होता. देविदासनं सवयीनं हात पुढे केला. दस्त्यावर तांब्याच्या तारेनं 'धनसिंग' असं जडवलं होतं, ते त्यानं अंगठ्यानं चाचपलं, घोडा ओढून पाहिला आणि मग थांबला. नळीच्या मागच्या टोकाशी, बार पेटवणारी टोपी बसते तिथं, एक रुंद पितळी कडं होतं. घासून घासून पिवळंधमक.

"हे कधी बसवलं?"

"गेल्या दसऱ्याला. फारुकभाईनं बसवलं," सुदाम म्हणाला. "दिसून राहिलं ना नवरीसारखं?"

फारुक मिस्त्री बाळापूरचा. त्याच्या बापानं, आज्यानं हीच बंदूक दुरुस्त केली होती. तो सत्काराला इस्त्रीचा पायजमा घालून आला होता आणि आता चहाच्या बशीत फार लक्ष घालून बघत होता.

"फारुकभाई, काहून बसवलं हे?"

"शोभेला," फारुक म्हणाला आणि वसरामकडे बघितलं.

देविदासनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून कड्याच्या दोन्ही बाजूंनी नळी चोळली, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसली आणि इकडेतिकडे बघितलं. त्याला खडू हवा होता. खडू नव्हता. नातवाच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबा होता. त्यानं ती पावडर नळीवर टाकली आणि बंदूक मांडीवर आडवी घेऊन वाट बघत बसला.

"आता तिला तीट पण लाव," सुदाम हसला.

थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीवर एक काळपट रेघ उमटली. कड्याच्या अलीकडे थोडी, पलीकडे थोडी. मधली कड्याखाली होती.

"भेग हाय," देविदास म्हणाला. "रॉकेल आत शिरलं, ते बाहेर येऊन राहिलं. ही बंदूक उडवायची न्हाई."

मग वसराम खाकरला.

"भेग हाय हे मला ठाव हाय," तो म्हणाला. "म्हणून तर कडं घातलं. चाक चिरलं तर आपण काय करतो? लोखंडाची धाव तापवून ठोकतो. चाक जन्मभर चालते. माझ्या आज्यानं चिरलेल्या चाकावर गुत्तीपर्यंत मीठ नेलं."

"चाकाला वजन बाहेरून असतं बा. नळीला आतून असतं."

"जोर तो जोर."

"न्हाई बा. एक वेळ निभंल, दोन वेळा निभंल. तिसऱ्यांदा मागचा तुकडा उजवीकडून उडंल."

'उजवीकडून' म्हटल्यावर सुदाम उठून उभा राहिला. तो डावरा होता. डाव्या खांद्याला बंदूक लावली की टोपी आणि भेग बरोबर त्याच्या तोंडासमोर यायची. हे त्याला कळलं. पण त्याला दुसरंही काहीतरी कळलं, आणि ते त्याला जास्त लागलं.

"म्हणजे मी बार काढायचा न्हाई."

"कुणीच काढायचा न्हाई, सुदाम."

"इतकी वर्षं बानं काढला तवा कुणी पावडर लावली न्हाई. माझी पाळी आली अन् पावडर निघाली."

"तसं न्हाई रे..."

"तुला हार हाय, फलक हाय, तहसीलदार येऊन राहिला तुझ्यासाठी. मला एक बार होता, भिया. एक. त्योबी तुझ्याच अंगणात."

सुदामची बायको शिला दाराआड उभी होती. जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, थेट बोलायची रीत नव्हती; म्हणून ती कडेवरच्या नातवाशी बोलली, आणि देविदासला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली, "बाळा, तुझ्या मोठ्या आज्याला सांग, पुण्यात लई बंदुका हायेत म्हणावं. तिकडं जाऊन लाव पावडर."

बाळानं निरोप पोचवला नाही, पण तो पोचला.

तेवढ्यात अंगणातून मोहनसिंगचा आवाज आला. मोहनसिंग म्हणजे वसरामच्या चुलत भावाचा मुलगा. पंचायत समितीत उठबस, खांद्यावर नवी दुनाळी. "काका, तकलीफ असंल तर सांगा. बार काय, आमच्याकडूनबी निघते. दोन निघतात."

वसरामनं देविदासकडे बघितलं. "ऐकलं? आज बार झाला न्हाई तर उद्यापासून याला नाईक म्हणावं लागंल. तू परवा पुण्याला जाशीन. इथं राहायचं सुदामला हाय."

मग तो सुदामकडे वळला. "दारू भर."

दोघा भावांची आई सोजराबाई चुलीपाशी गुलगुले तळत होती आणि सगळं ऐकत होती. या घरातल्या पुरुषांच्या भांडणात ती पडत नसे. ते पडले की उचलायला जात असे. पण आज तिच्या डोळ्यांपुढे एक जुनी गोष्ट होती. सुदाम पाच-सहा वर्षांचा असताना मास्तरानं डाव्या हातानं लिहितो म्हणून त्याचा हात पट्टीनं सुजवला होता. तेव्हा देविदास रोज शाळेत त्याच्या डाव्या बाजूला बसायचा, पट्टी आधी आपल्याला लागावी म्हणून. हे दोघंही विसरले असतील. आईला विसरायला वेळ मिळत नाही.

देविदास म्हणतो ते खरं की वसराम म्हणतो ते खरं, हे तिला कळत नव्हतं. चाकाचं तिलाही पटत होतं. पण एकाच्या चुकण्यानं बार जाणार होता आणि दुसऱ्याच्या चुकण्यानं सुदामचं तोंड. तिनं झारा खाली ठेवला, ओसरीत आली आणि सुदाम दारूचं शिंग शोधायला वळला तेवढ्यात भिंतीला टेकवलेली बंदूक उचलून सरळ अंगणात गेली.

"याडी, कुठं चालली?" सुदामनं आईला विचारलं.

उत्तर न देता तिनं बंदूक खुंट्याला लावली आणि पातेल्याच्या दोरानं आवळून बांधली. तीन गाठी मारल्या. मग काठी हातात घेतली.

"शिला, लेकरू आत निजव अन् ये. पुजा, बाळाची याडी तू, तूबी काठी घे. साऱ्या जणी या. आजचा खुंटा हा हाय. ज्याला बार काढायचा त्यानं नेऊन दाखवावी."

शिलाला क्षणभर कळेना नवऱ्याच्या बाजूनं लढायचं की सासूच्या. मग तिनं पदर खोचला. नवऱ्याला वर्षातून एकदाच मारता येतं आणि तो दिवस आज होता.

वसराम हतबुद्ध झाला. धुंडीच्या अंगणात बाईला उलटा शब्द बोलायचा नाही, हा नियम त्याच्याच आज्यानं घालून दिला होता. आज्यानं घालताना पुढचा विचार केलेला दिसत नव्हता.

ढोल वाजू लागला. पोरं धावली, काठ्या खाऊन परतली. मोहनसिंगही एकदा मानासाठी आत शिरला आणि मानासकट बाहेर आला. दंडावर वळ घेऊन. लोक हसून लोळत होते. आणि देविदास आत शिरला.

त्याला खुंट्यापाशी पोचून गाठी आणखी आवळायच्या होत्या. पण तो पुढे झाला तशा बाया बाजूला सरल्या. काठ्या खाली आल्या. पुजानं तर वाकून नमस्कार केला. "साहेब, या," कुणीतरी म्हणालं. सफारीतला देविदास मोकळ्या वाटेनं खुंट्यापर्यंत चालत गेला आणि तिथं उभा राहिला. जन्मगावी, होळीच्या दिवशी, अंगाला एक काठी लागली नाही. पुण्यात समित्यांनी केलेला अपमान त्यानं पचवला होता. हा मान त्याला गिळवेना. गाठींना हात न लावता तो तसाच मागे फिरला.

सुदाम मात्र वाकून, डोकं हातांनी झाकून, रेड्यासारखा घुसला. पाठीवर काठ्या पडत होत्या, त्यातल्या शिलाच्या कोणत्या हे त्याला न बघता कळत होतं. काठ्या खाताना माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. त्याच्या मनात हिंगोलीचं गोळीबाराचं मैदान आलं. चाचणीसाठी एक नवी कार्बाईन आली होती. उस्ताद म्हणाले, डावरा कोण हाय? सुदाम पुढे झाला. आजवरच्या प्रत्येक बंदुकीनं गोळीची तापलेली पुंगळी त्याच्या गालावर फेकली होती. गालावर देवीसारखे व्रण होते. ही बंदूक त्यानं डाव्या खांद्याला लावली. सुरक्षेचा खटका डाव्या अंगठ्याखाली आपोआप आला. गोळ्या सुटल्या आणि पुंगळ्या निमूट खाली, बुटांपाशी पडल्या. गालाला काहीच झालं नाही. "कुणी केली ही?" त्यानं विचारलं. "सरकारनं," उस्ताद म्हणाले. ते सरकार कोणतं, हे सुदामनं ओळखलं.

त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भावाला काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि ते शब्द त्याच्याकडे नव्हते.

गाठी सुटल्या. बंदूक हातात आली. बाया मागे सरल्या. खुंटा अजून उभा होता, पण आरोळी उठली.

वसरामनं स्वतः दारू मोजून नळीत ओतली. गजानं ठासली. टोपी सुदामनं बसवली. म्हाताऱ्याची छाती भरून आली होती. त्याला दिसत होतं ते एवढंच: धनसिंगची बंदूक, आपला पोरगा, सारा तांडा आणि मोहनसिंगचं पडलेलं तोंड.

सुदामनं बंदूक डाव्या खांद्याला लावली. आणि तेव्हा देविदास चालत आला, बंदुकीच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं आपला चेहरा सुदामच्या चेहऱ्यापुढे, टोपीपासून वीतभर अंतरावर आणला.

"काय करून राहिला, भिया?"

"काढ बार."

"हट ना तिथून."

"काहून? बा म्हणतो चाक हाय. चाकाशेजारी उभं राहायला काय भ्या हाय? काढ."

ढोल थांबला. सुदामचं बोट चापावर होतं. देविदासच्या कानावरचे पिकलेले केस त्याला इतक्या जवळून कधी दिसले नव्हते.

"नायकसाब!" फारुक मिस्त्री ओरडला. चहाची बशी पडली. "रोको इनको! वो कडा मैंने गरम करके चढाया, तब नळी और तडकी थी. आवाज सुना मैंने. तुमी म्हनले कुनाला बोलू नको, म्हनून मैं चूप बैठा. अल्ला कसम, ती नळी गेली!"

वसराम फारुककडे बघत राहिला. चढवतानाच तडकली, हे फारुकनं त्यालाही सांगितलं नव्हतं. चाकाची धाव चढवताना चाक कधी तडकत नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यातलं चाक तिथंच थांबलं.

सुदामनं घोडा अलगद खाली उतरवला.

"दोर आणा," तो म्हणाला.

"नाईकाचा बार दोरीनं?" मोहनसिंग म्हणाला. "फटाका हाय का?"

"खुंटा अजून उभा हाय, मोहनसिंग," सोजराबाई काठी सावरत म्हणाली. "अजून आमचंच राज हाय. बोल पुढं."

मोहनसिंगनं दंडावरचा वळ चोळला.

बंदूक पुन्हा खुंट्याला बांधली, तोंड मोकळ्या रानाकडे. पातेलं आत नेलं. घोडा पुन्हा ओढून, चापाला दोर बांधून सगळा तांडा बांधाआड गेला. असं कारखान्यात प्रत्येक नव्या नळीचं करतात, देविदास म्हणाला, आणि करणारा माणूस कितीही मोठा असला तरी बांधाआडच बसतो. वसरामनं दोर सुदामच्या हातात दिला.

सुदामनं ओढला.

आवाज असा झाला की बाळापूरच्या बाजारात दुकानदारांनी फळ्या लावल्या, असं पुढे सांगत. धूर निवळला तेव्हा खुंटा मुळासकट उखडून आडवा पडला होता. नळी मागून उकललेल्या वालाच्या शेंगेसारखी झाली होती. आणि पितळी कडं उजवीकडे, सुदामचं तोंड असतं त्या उंचीवरून निघून, बैलगाडीला टेकवलेल्या फलकात घुसलं होतं. पेंटरनं मन लावून काढलेला 'साहेब' त्यानं पार उडवला होता. 'मा. देविदास वसराम आडे' तेवढं उरलं होतं.

"बंदूक फुटली," मोहनसिंग म्हणाला. "आता बार आमच्या घरचा."

"खुंटा कुणी पाडला?" वसरामनं विचारलं.

त्यानं आडव्या खुंट्यावर पाय ठेवला.

"बारानं पाडला. खुंटाबी तिनंच पाडला अन् बारबी तिनंच दिला. तुझी दुनाळी दोन काढते म्हणे. असा एक काढून दाखव."

तांडा हसला, आणि त्या हसण्यातच नाईकीचा निकाल लागला.

म्हातारा फलकापाशी गेला. भोकातून पलीकडचं रान दिसत होतं. त्यानं सुदामला बोलावलं, त्याचा व्रणांचा गाल हातानं चाचपला, पुन्हा भोकाकडे बघितलं, पुन्हा गालाकडे. मग दुसरीकडे तोंड करून मुंडासं सारखं करत राहिला.

"बा," सुदाम म्हणाला, "मी याची बंदूक उडवली हाय. हिंगोलीला. डाव्या हातानं." मग एकदम सगळं सांगून टाकलं, खटका, पुंगळ्या, बूट. "दोन्ही हातांची हाय ती. असली बंदूक सरकारला कधी सुचली न्हाई."

"समितीनं काहून म्हणून विचारलं होतं," देविदास जमिनीकडे बघत म्हणाला. "मी दोन पानं कारणं लिहून दिली. सैनिकी गरज, लवचीकता, असलं बरंच. खरं तर एकच कारण होतं. तेवढं लिहिता आलं न्हाई."

वसराम त्याच्याकडे वळला. मग म्हणाला, "अन् म्हणतो नाव न्हाई. हाय की नाव त्याच्यावर. सुदामचं हाय."

दोघा भावांना काय करावं ते कळेना. तेवढ्यात सोजराबाई बायांची फळी फोडून आली आणि तिनं देविदासच्या पाठीत काठी हाणली. चांगली, पोटापासून. सफारीवर धूळ उडाली.

"नळीसमोर तोंड घालतो? आं? हे शिकवते तुझं सरकार?"

दुसरी बसली. मग शिलाला हिय्या झाला. जेठाशी बोलायचं नसतं, मारायला कुणी मना केलेलं नव्हतं. मग पुजा. मग साऱ्याच.

तहसीलदारांची जीप सत्कारासाठी तांड्यात शिरली तेव्हा जागतिक कीर्तीचे शस्त्रतज्ज्ञ हार न घालताच अंगणभर पळत होते, त्यांच्यामागे काठ्या घेऊन तांड्यातल्या बाया होत्या, आणि वसराम नाईक उखडलेल्या खुंट्यावर बसून, फुटक्या बंदुकीचा दस्ता मांडीवर घेऊन, छाती काढून पाहुण्यांना सांगत होता, "तो पुढं पळून राहिला ना, मार खाऊन राहिला तो? तो माझा थोरला."